मावत होती

जात पडताळणीला आज्याचा दाखला पाहिजे होता,
म्हणून मी मायची लोखंडी पेटी उघडली.
माय तळ्यावर. अश्विन सरत आलेला,
शिंगाडे काळे पडायच्या आत काढावे लागतात.

मी तळ्यावर जात नाही.
आठ वर्षं झाली, शिंगाडाही खात नाही.
हॉस्टेलात नवरात्रात शिंगाड्याच्या पिठाचा शिरा असतो,
मी ताट ढकलते.
पोळ्याच्या आधी लाखनीच्या एका पोरीचा दात पाडला.
तिनं फक्त विचारलं होतं, तुले भाऊ किती?
मॅडमनं वहीत लिहिलं : स्वभाव तापट.
भंडाऱ्याहून ताई येतात महिन्यातून एकदा,
म्हणाल्या, डोळे मीट, सुरक्षित वाटेल अशी जागा आठव.
मला तळ्याची पाळ आठवली.
मी डोळे उघडले.

पेटीत रेशन कार्ड, मच्छीमार सोसायटीचं पासबुक,
नैतिकचं लसीचं पिवळं कार्ड,
पाच वर्षांच्या डोसची चौकट कोरी.
त्याची एक चप्पल.
दुसरी पाण्यानं ठेवून घेतली.
आणि सगळ्यात खाली, घडी करून, माझा फ्रॉक.

नारिंगी. गळ्याला पांढरी लेस.
समोर शिंगाड्याच्या सालीचे डाग,
जे कोणत्याच साबणानं जात नाहीत.

त्या दिवशी
"याच्यावर लक्ष ठेवजो," म्हणून माय डोंग्यात बसली.
मी लक्ष ठेवलं.
एक शिंगाडा सोलला, त्याला दिला.
दुसरा सोलला, त्याला दिला.
तिसरा कठीण होता, दातानं फोडत होती.
वर पाहिलं तर पाळीवर ऊन होतं.
नुसतं ऊन.

लोक म्हणतात, पोरगी ओरडली पण नाही.
खरं आहे.
मी तो तिसरा शिंगाडा पूर्ण सोलला
आणि हातात धरून बसली,
तो येईल म्हणून.

मायनं मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं.
तेव्हापासून "अवं", "पोरी", "ऐकलं का".
आचल हे नाव या गावात
फक्त हजेरी घेणारे मास्तर उच्चारतात, आणि रेशनवाला.

फ्रॉक अंगाला लावून पाहिला.
बेंबीच्या वरच संपला.
बाहीत माझं मनगट अडकलं.

दारातून दुलिचंदकाकाची रियांशी दिसत होती,
बाहुलीला आंघोळ घालत, स्वतःच अर्धी भिजलेली.
तिसरीत आहे. आठची.
तिला अजून नाक शिंकरता येत नाही नीट,
बाहीनंच पुसते.

मी इतकी वर्षं एका मोठ्या बाईला शिव्या देत होती,
जिला चार वर्षांचं पोरगं सांभाळता आलं नाही.
रात्री उठून उठून देत होती.
ती बाई मी सगळ्या पेटीत शोधली.

माय आली कंबरेपर्यंत ओली,
बोटं काट्यांनी टोचलेली, पाठीवर पोतं.
आधी पेटी पाहिली, मग माझ्या हातात पाहिलं.
"लहान झाला तुले," म्हणाली.

"मी याच्यात मावत होती, माय."

पोतं तिनं बराच वेळ खाली ठेवलं नाही.
पाणी निथळत राहिलं सारवलेल्या जमिनीवर,
माझ्या पायापर्यंत आलं.
मी पाय मागे घेतला नाही.

मग चुलीवर गंज चढला.
उकडत्या शिंगाड्यांचा तो वास, चिखलाचा, सालीचा,
भांड्यातून उठून घरभर झाला
आणि मी भिंतीला टेकून त्यात बसली.
"दाखला तुह्या काकाकडं असन," माय म्हणाली.
नाव नाही घेतलं.
एक शिंगाडा सोलला आणि माझ्यापुढे धरला,
न पाहता.

मी खाल्ला नाही.
फार गरम होता.
या हातातून त्या हातात करत
धरून बसली.